माकड जास्त धोक्यात की कंदीलपुष्प?

शिरपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचा प्रश्न असा आहे : बारावीच्या मुलांनी पर्यावरण प्रकल्पासाठी सिंहपुच्छ माकड आणि अंजनेरीचे कंदीलपुष्प यांचा तुलनात्मक तक्ता केला. संख्या, अधिवास, धोके, उपाय असे रकाने पाडले आणि शेवटी निष्कर्ष लिहिला की माकडे हजारांत आहेत, फूल एकाच डोंगरावर आहे, म्हणून फूल जास्त धोक्यात. हे बरोबर आहे का? दोघांसाठी मिळून एकच रुपया असेल तर तो कोणाला द्यावा? आणि खानदेशातल्या मुलांनी केरळ-कर्नाटकातले माकड आणि नाशिकचे फूल का अभ्यासावे, आपल्याकडचे काही नाही का?

मॅडम, मुलांनी केले ते चुकीचे नाही, पण निष्कर्ष घाईचा आहे. दोन्ही आकडे एकाच रकान्यात बसतात म्हणून ते एकमेकांशी तोलता येतात असे नाही. सातपुड्यात वनस्पती-सर्वेक्षणे करताना मला हे पुनःपुन्हा जाणवले आहे. प्राण्याचा धोका त्याच्या जन्माच्या वेगात असतो आणि अशा छोट्या वनस्पतीचा धोका ती उभी आहे त्या जमिनीत असतो. तुमच्या तक्त्यात नेमके हे दोन रकाने नाहीत.

आधी माकडाचे बघू. सिंहपुच्छ माकड, शास्त्रीय नाव मकाका सायलेनस, जगात फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आहे : कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू. उत्तरेकडची त्याची आजची वस्ती उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिरसी-होन्नावरच्या जंगलात. तिथे २०११ साली अघनाशिनी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. जंगलात सगळी मिळून सुमारे ४००० माकडे असावीत आणि त्यातली पिल्ले देण्याच्या वयाची २५०० पेक्षा कमी, असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा अंदाज आहे.

४००० हा आकडा मुलांना मोठा वाटला असणार. पण या जातीची मादी पहिले पिल्लू देते ती साधारण साडेसहा वर्षांची झाल्यावर. एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचे यायला अडीच-तीन वर्षे. म्हणजे एका मादीच्या आयुष्यात मोजकीच पिल्ले होतात आणि त्यातली सगळी वाढत नाहीत. गावात दिसणारी लाल तोंडाची माकडे बघून 'माकडे काय, वाढतातच' असे आपण म्हणतो, ते या माकडाला लागू नाही. एखाद्या टोळीतल्या दोन-तीन वयात आलेल्या माद्या रस्त्यावर गाडीखाली गेल्या, तर ती तूट भरून यायला दहा-पंधरा वर्षेही पुरत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याच्या राहणीची. हे माकड जवळजवळ सगळा दिवस झाडांवर काढते. सदाहरित जंगलात फांदीला फांदी लागलेली असते, त्या वरच्या मजल्यावरूनच त्याचा रस्ता जातो. कुलेनिया नावाचा उंच वृक्ष तिथे असतो, डुरियन फळाच्या जवळचा. त्याची फुले आणि बिया हे या माकडाच्या आहारातले मोठे खाद्य. सोबत उंबर-वडाच्या जातींची फळे, फणस, किडे. आता या जंगलाच्या मधून चहाचा मळा काढा, रस्ता न्या, धरणाचे पाणी भरा. जंगल नकाशावर राहते, पण तुकडे होतात. तरुण नर मोठा झाला की टोळी सोडून दुसरीकडे जातो, तेवढ्यावरच या टोळीचे रक्त त्या टोळीत जाते. मधली झाडे गेली की तो जाणार कसा? आजूबाजूच्या गावांशी सोयरीक तुटलेल्या गावासारखी त्या टोळीची गत होते : माणसे दिसतात, घरे भरलेली दिसतात, पण दोन-चार पिढ्यांनी सगळे एकमेकांचे नातलग.

तमिळनाडूतल्या वालपारईच्या पठारावर हे बघायला मिळते. चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये उरलेल्या जंगलाच्या एका छोट्या तुकड्यात, पुदुथोट्टम इथे, सिंहपुच्छ माकडांची संख्या चांगली वाढली. ती आता रस्त्यावर उतरतात, घरांच्या छपरांवर येतात. आकडा पाहिला तर यश, आणि तरीही ते माकड निरोगी जंगलातले राहिले नाही. तिथे रस्त्यावरून झाडाला झाड जोडणारे लटकते पूल बांधले आहेत आणि माकडे ते वापरतात. म्हणजे उपाय काय, तर वरचा रस्ता पुन्हा जोडून देणे.

या माकडाचे एक भाग्य मात्र मान्य करावे लागेल : त्याला चेहरा आहे. काळे अंग, तोंडाभोवती करड्या-रुपेरी केसांची आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. सत्तरच्या दशकात केरळच्या सायलेंट व्हॅलीत कुंतिपुळा नदीवर जलविद्युत प्रकल्प येणार होता. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने, कवींनी, शास्त्रज्ञांनी विरोध केला आणि हे माकड त्या लढ्याचे चिन्ह झाले. प्रकल्प सोडून द्यावा लागला, १९८४ मध्ये ते खोरे राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. त्या खोऱ्यात कितीतरी दुर्मीळ वनस्पतीही वाचल्या, पण पोस्टरवर त्यांतली एकही नव्हती.

आता कंदीलपुष्प. मुलांनी निवडलेली जाती सेरोपेजिया अंजनेरिका. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावरून २००६ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, आणि तिची ओळख आजही त्याच डोंगराशी बांधलेली आहे. २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्यात या फुलाचाही वाटा आहे. तुमच्या मुलांनी लिहिलेले 'फुलझाड' हे वर्णन जरा फसवे आहे. झाड वगैरे काही नसते. पावसाळ्यात गवतातून वीतभर, फार तर हातभर उंचीचे एक नाजूक रोप उगवते आणि वर्षातले बरेचसे महिने ते जमिनीखाली एक कंद म्हणून पडून असते. फुलाविना ते गवतात ओळखणे कठीण.

या फुलावर मला जरा थांबू द्या, कारण मुलांच्या तक्त्यात 'परागीभवन : कीटकांद्वारे' एवढेच लिहिले आहे आणि तिथेच सगळी गंमत आहे. सेरोपेजियाचे फूल म्हणजे तळाशी फुगीर असलेली एक नळी. वर पाच पाकळ्या निघतात आणि त्या टोकांना पुन्हा जुळतात, म्हणून कंदिलाचा आकार. फुलाचा वास माणसाला फारसा जाणवतही नाही, पण एक-दोन मिलिमीटरच्या बारीक माश्यांना तो ओढतो. माशी पाकळ्यांमधल्या फटीतून आत शिरते आणि नळीत घसरते. नळीच्या आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात, त्यामुळे आत जाता येते, वर येता येत नाही. माशी तळच्या फुगीर खोलीत अडकते. तिथे धडपडताना परागांच्या पिशव्यांची एक जोडी चिमट्यासारखी तिच्या तोंडाला अडकते. यथावकाश फुलातले ते केस कोमेजतात आणि वाट मोकळी होते. सुटलेली माशी शहाणी होत नाही, दुसऱ्या कंदिलात शिरते आणि तिथे ती परागपिशवी बरोबर खाचेत बसली, तरच शेंग धरते. हे जुळून येणे दुर्मीळ. भरपूर फुले आणि मोजक्या शेंगा, हे या कुळात नेहमीचे दृश्य आहे.

शेंगा दोन-दोन, बारीक लांब. फुटल्या की रेशमी तुरे लावलेल्या बिया वाऱ्यावर जातात. आपली मुले रुईच्या उडणाऱ्या बीला म्हातारी म्हणतात, तीच ही म्हातारी. रुई आणि सेरोपेजिया एकाच गोतातली आहेत. बी लांब उडते हे खरे, पण उडून पडायचे कुठे? तशाच उंचीचे, तशाच पातळ मातीचे, उघड्या गवताचे पठार लागते. खाली सागाचे जंगल, त्याखाली शेत, मग रस्ता. बी तिथे पडून काही उपयोग नाही.

तर मूळ प्रश्न : कोण जास्त धोक्यात? निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी, म्हणजे धोक्यातल्या जातींची जागतिक यादी, हा निर्णय एका आकड्यावर करत नाही. तिचे पाच निकष आहेत आणि त्यातला कोणताही एक लागू झाला तरी जाती धोक्याच्या त्या-त्या वर्गात जाते. संख्या किती वेगाने घटली, वावर किती क्षेत्रात आहे, संख्या आधीच लहान असून आणखी घटते आहे का, ती अगदीच नगण्य आहे का, आणि गणिती अंदाज काय सांगतो, असे ते पाच दरवाजे. माकड आत शिरते ते तिसऱ्या दरवाजाने : २५०० पेक्षा कमी प्रौढ, घट चालू, आणि वस्ती छोट्या-छोट्या तुकड्यांत. एकाच डोंगरावरची वनस्पती बहुधा दुसऱ्या दरवाजाने येते : प्रत्यक्ष वावर १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि घट, तुकडे अशा इतर अटींपैकी पुरेशा लागू असतील, तर ती थेट अतिसंकटग्रस्त ठरते, मग रोपे शेकड्यांत असोत की हजारांत. म्हणजे कंदीलपुष्पाची रोपे माकडांइतकीच निघाली असती तरी एका वणव्याने नव्हे, पण एका खाणीने ती संपू शकतात. आणि माकडे २०००० असती तरी जंगल असेच तुटत राहिले असते तर काळजी राहिलीच असती. म्हणून मुलांना निष्कर्ष बदलायला सांगा. 'फूल अचानक जाऊ शकते, माकड हळूहळू जाते आहे', हे लिहिले तर ते दोघांनाही न्याय देते.

वणव्याने नव्हे असे मी मुद्दाम लिहिले. आपल्याकडे प्रत्येक पर्यावरण प्रकल्पात 'धोके' म्हटले की वणवा, चराई, वृक्षतोड हे तिन्ही शब्द डोळे झाकून येतात. कंदीलपुष्पाला वृक्षतोडीचा त्रास नाही, कारण त्याला झाडे नकोतच, उघडे गवत हवे. उन्हाळ्यातला वणवा वरून जातो तेव्हा कंद मातीखाली असतो. वणवा चांगला असे मी म्हणत नाही, दरवर्षी पेटवलेल्या डोंगराची माती वाहून जाते. पण या रोपाचा खरा शत्रू कुदळ आहे. डोंगर 'ओसाड' दिसला की आपण त्यावर खड्डे खणून रोपे लावतो, सलग समतल चर काढतो. पाणी अडवण्यासाठी चर उत्तम काम करतात, धुळे-नंदुरबारच्या डोंगरउतारांना त्यांची गरज होती आणि आहे. मात्र ज्या गवताळ पठारावर कंदवर्गीय वनस्पती आहेत तिथे चर म्हणजे कंदांची उकरणी. चर खणण्यापूर्वी एक पावसाळा कोणीतरी ते पठार पायी बघून यावे, एवढी माझी अपेक्षा असते, आणि ती क्वचितच पुरी होते. साक्री तालुक्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तसे इतर पठारांवरही होत जाईल. चक्कीच्या पायापेक्षा तिथवर अवजड गाडी नेणारा रस्ता अधिक जमीन खातो, हे पठार फिरलेल्या कोणालाही दिसते.

कायद्याच्या रकान्यात मुलांनी दोघांपुढे 'वन्यजीव संरक्षण कायदा १९७२' असे लिहिले आहे. तिथेही फरक मोठा आहे. सिंहपुच्छ माकड त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला. वनस्पतींना त्या कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली ती १९९१ च्या दुरुस्तीने, आणि तेव्हाच्या सहाव्या परिशिष्टात देशभरातल्या मिळून सहा नोंदी होत्या. त्यात एकही सेरोपेजिया नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली आणि वनस्पतींची यादी वाढली. तरीही व्यवहारात वनस्पती वाचते ती जमिनीला संरक्षण मिळाले तर. अंजनेरीचे तेच झाले.

'उपाय' या रकान्यात माकडापुढे प्राणिसंग्रहालय आणि फुलापुढे ऊतीसंवर्धन आले आहे. दोन्ही खरे आहेत. चेन्नईजवळच्या वंडलूर प्राणिसंग्रहालयात या माकडांचे प्रजनन होते. सेरोपेजियाच्या अनेक जातींची रोपे प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने तयार झाली आहेत, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने तर या कुळावर फार मोठे काम केले आणि दुर्मीळ जाती आपल्या बागेत जपल्या. इथे फूल माकडाच्या कितीतरी पुढे आहे : एका कंदापासून, एका पेरापासून थोड्या काळात शेकडो रोपे होतात. माकडाचे तसे होत नाही, आणि पिंजऱ्यात वाढलेल्या माकडाला जंगलातली वाट, कुठले फळ कधी पिकते, हे शिकवणार कोण? ते आईच्या पाठीमागे फिरूनच येते. पण फुलाच्या या आघाडीवर फार विसंबू नका. खानदेशात मध्यंतरी सफेद मुसळीच्या शेतीची लाट आली होती, आठवत असेल. शेतात मुसळी भरपूर झाली म्हणून सातपुड्यातल्या रानमुसळीची खोदाई थांबली नाही. कुंडीतली वनस्पती हा विमा आहे, रानातली वेगळी.

मुलांनी 'पर्यावरणातील उपयोग' असाही रकाना केला आहे. तो मी काढून टाकीन. माकड फळे खाते, बिया पसरवते, त्याचे जंगलाला देणे दाखवता येते. कंदीलपुष्पाचे काय दाखवणार? माशीला त्या कोंडवाड्यात बसून फारसे काही मिळत नाही. फूल नाहीसे झाले तर माशीचे अडणार नाही, आणि माशी नाहीशी झाली तर फुलाचे सगळेच अडेल. उपयोगाने मोजले की फूल शून्यावर बाद होते, आणि मग मुले ओढूनताणून 'औषधी' हा शब्द लिहितात. एखाद्या जातीला टिकायला आपल्या उपयोगाचे प्रमाणपत्र लागू नये.

एक रुपया कोणाला, याचे माझे उत्तर कदाचित तुम्हाला आवडणार नाही. पहिला रुपया फुलाला. माकडाचा प्रश्न मोठा म्हणून महाग आहे : जंगल जोडणे, रस्ते, मळेवाल्यांशी बोलणे. त्या कामात संस्था आहेत, वनखाते आहे, अभ्यासक आहेत. फुलाचे काम एका डोंगराचे आहे, आणि पावसाळ्यात चार महिने राखण, गुराख्यांशी चांगले संबंध, कुदळ लागणार असेल तिथे वेळेत हरकत, एवढ्यात बरेच साधते. थोड्या पैशात पूर्ण होणारे काम आधी करावे असे मला वाटते. माकडावर काम करणारा माझा मित्र याच्याशी अजिबात सहमत नाही, तो म्हणतो की जंगल जोडले तर हजार जाती एकदम वाचतात. त्याच्या म्हणण्यातही जोर आहे.

आता आपल्याकडचे. माकडांपासूनच सुरू करा. जुन्या ग्रंथांत लाल तोंडाचे उत्तरेकडचे ऱ्हीसस माकड आणि दक्षिणेकडचे टोपी माकड यांच्यातली सीमा पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशी दिलेली आहे. म्हणजे ती रेषा तुमच्या शिरपूरजवळून जाते! ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत असल्याचे अभ्यास आहेत, आणि टोपी माकड २०२० च्या मूल्यांकनात असुरक्षित वर्गात गेले. तापीच्या अल्याड-पल्याड कोणत्या गावात कोणते लाल तोंडाचे माकड दिसते, याचा नकाशा मुले बसल्या जागी करू शकतात. रावेर-यावलच्या केळीत उतरणारी काळ्या तोंडाची वानरे त्यात मिसळू देऊ नका, ती वेगळ्या गटातली.

फुलाच्या बाजूने खरपुडी घ्या. सेरोपेजिया बल्बोसा हीदेखील कंदीलपुष्पाचीच जात, वेलीसारखी कुंपणावर, झुडपांवर चढणारी. ती अंजनेरीच्या बहिणीइतकी दुर्मीळ नाही, देशात बरीच पसरलेली आहे, पण कंद खाण्याजोगा म्हणून जिथे सापडते तिथे उकरली जाते. गुराखी पोरे, पाड्यावरची जुनी माणसे तिला ओळखतात. पूर्वी कुठे मिळायची आणि आता कुठे मिळते, हे आजी-आजोबांना विचारून लिहून काढले तरी तो प्रकल्प तुमच्या आताच्या तक्त्यापेक्षा मोलाचा होईल. उत्तर 'आता दिसत नाही' असे आले तर लगेच 'नामशेष' लिहू नका. रानपिंगळा या छोट्या घुबडाची १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती, जगाने तो गेलाच असे धरले होते, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात तो आपल्या शहाद्याजवळच्या सातपुड्यात बसलेला सापडला. पक्षी तर उडतो, ओरडतो. मातीखाली झोपलेला कंद एखाद्या कमी पावसाच्या वर्षी वर आलाच नाही, तर त्या वर्षी मोजणाऱ्याला शून्यच मिळणार. म्हणून निदान लागोपाठ तीन पावसाळे बघितल्याशिवाय आकडा लिहू नये. तुमची बारावीची तुकडी बदलत राहील, वही तीच ठेवा.

सहल ऑगस्टच्या शेवटी ठेवा, पोळ्याच्या आसपास. त्या वेळी वेलीवर फुले असण्याची शक्यता चांगली. गावातला एक जाणता माणूस सोबत घ्या आणि त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या. कंद उकरून दाखवायला तो तयार होईल, त्याला नम्रपणे नाही म्हणा. फूल तोडायचे नाही, फोटो पुरतो : पान, फुलाची बाजू, फुलाचे तोंड, आणि शेजारी मापाला पट्टी. फुलातली माशी बघायची असेल तर एखादे गळून पडलेले फूल उभे चिरून भिंगाखाली धरा, आत बहुतेक वेळा काहीतरी सापडते. आणि फोटो मोबाइलवर टाकण्यापूर्वी त्यातले ठिकाण काढून टाकायला मुलांना शिकवा. दुर्मीळ कंद कुंडीत हवा असणारे शौकीन असतात आणि ते अशी ठिकाणे शोधत असतात. वहीत गावाचे नाव पूर्ण लिहा, बाहेर सांगताना फक्त तालुका.